रक्तदाब : पूरके किती, पायपीट किती?

मुखेडच्या बाजारपेठेत एकदा दुकान उघडले की कुलूप लागेपर्यंत गादी सुटत नाही. पहाटे दर्शन, मग गल्ला, दुपारी घरचा डबा, सायंकाळी सूर्यास्तापूर्वी भोजन आणि पुन्हा हिशेब. असा बैठा दिनक्रम वर्षानुवर्षे चालला की चाळिशीनंतर रक्तदाब १४० / ९० ची मर्यादा कधी ओलांडतो, हे कळतही नाही. दुखत नाही, खुपत नाही. म्हणूनच वैद्याने दिलेल्या गोळीचा लवकर कंटाळा येतो आणि 'नैसर्गिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल व भुकट्या घरात शिरतात. गोळी परस्पर बंद होते. पुढे अर्धांगवायूचा झटका येतो, तेव्हा सारे घरच खाटेला खिळते.

पूरके अगदी निरुपयोगी नाहीत, परंतु त्यांची ताकद माफक आहे. मॅग्नेशियमने वरचा रक्तदाब सरासरी दोन अंकांच्या आसपास उतरतो. लसणाच्या अर्काचा थोडा गुण दिसला आहे, पण कंदमूळ वर्ज्य मानणाऱ्या घरात तो प्रश्नच उद्भवत नाही. ओमेगा-३ च्या बहुतेक कॅप्सूल माशांच्या तेलाच्या असतात, आणि वरचे पारदर्शक आवरण पुष्कळदा जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनचे असते. पाणी गाळून पिणाऱ्या घराने डबीवरची हिरवी खूण न पाहता ती गिळावी, हे विपरीतच. मराठवाड्याच्या ताटातली जवसाची चटणी याहून कितीतरी निर्मळ. फक्त तिच्यात मीठ बेताने घालावे. खोकल्यासाठी सतत चघळले जाणारे ज्येष्ठमध तर उलट रक्तदाब वाढवते.

खरी मेख मिठात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सपाट चमचाभराच्या आत, मीठ खावे. चातुर्मासात हिरव्या भाज्या सुटल्या की पापड, सांडगे, लोणची व शेव यांची वर्दळ वाढते, आणि मर्यादा नकळत मोडते. सैंधव मीठ निरुपद्रवी, हा समजही खोटा. तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच. याउलट केळी, मूग, तूरडाळ, शहाळे यांतून पोटॅशियम मिळते, ते उपकारक ठरते. मात्र मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी, तसेच टेल्मिसार्टनसारखी गोळी घेणाऱ्यांनी पोटॅशियमची पूरके किंवा कमी सोडियमचे मीठ वैद्यांना विचारल्यावाचून घेऊ नये.

चालण्याचे मोल मात्र कोणत्याही डबीत मावत नाही. आठवड्यातून १५० मिनिटे झपाझप चालले, तर उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा सरासरी पाच ते आठ अंकांनी उतरतो. चालताना दोन वाक्ये बोलता यावीत, पण स्तवन म्हणता येऊ नये, एवढी गती पुरे. एका सामायिकाला ४८ मिनिटे लागतात. आठवड्यातील पाच दिवस त्याहून कमी, तीसच मिनिटे पायांना द्यावीत. उन्हाळ्यात बालाघाटच्या या भागात सकाळी नऊनंतर चालणे त्रासाचे, तेव्हा पहाट बरी. पावसाळ्यात गवतावर पाय पडून जीवहिंसा होईल अशी शंका असणाऱ्यांना डांबरी रस्ता वा घराची गच्ची आहेच. साधु-साध्वींच्या विहारात काही अंतर सोबत चालणे, हाही सुंदर व्यायाम. मात्र छातीत दुखत असेल वा चालताना धाप लागत असेल, तर आधी तपासणी करावी.

चालणे सुरू झाले म्हणून गोळी बंद करू नये. आकडे उतरले तर मात्रा वैद्य कमी करतील. सूर्यास्तानंतर पाणीही न घेणाऱ्यांनी रात्रीच्या गोळीची चिंता बाळगू नये. ब्रिटनमध्ये २१ हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या 'टाइम' अभ्यासाने २०२२ साली दाखवले की, गोळी सकाळी घ्या वा संध्याकाळी, हृदयविकार व अर्धांगवायूपासून मिळणारे संरक्षण सारखेच असते. त्यामुळे सकाळची वेळ वैद्यांकडून ठरवून घेता येते. अडचण येते ती पर्युषणातील अठाईची. लघवी वाढवणारी गोळी घेत अन्न-पाणी तोडल्यास रक्तदाब एकाएकी कोसळतो, चक्कर येते, मूत्रपिंडांवरही ताण पडतो. म्हणून पच्चक्खाण घेण्यापूर्वी आठवडाभर आधीच वैद्यांना भेटून गोळ्यांची फेररचना करून घ्यावी आणि पारणे झाल्यावर रक्तदाब पुन्हा मोजावा.