पोथीचित्रांतील पांढरा : खडू, शंखचूर्ण आणि चिनी माती

जुन्या सचित्र पोथ्यांचें वर्णन करितांना आपण हिंगुळाचा तांबडा, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा आणि सोन्याची शाई यांची आवर्जून नोंद करतों. पांढऱ्याची मात्र स्वतंत्र नोंद कोणी करीत नाहीं. ‘पांढरा रंग’ एवढे दोन शब्द लिहिले कीं टांचण पुरें होतें. मीही पुष्कळ वर्षें असेंच करीत आलों. हा लेख लिहिण्यास जें कारण झालें तें मला भूषणावह नाहीं. तथापि तेंच प्रथम सांगणें योग्य होय.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमच्या घरच्या एका पोथीचें आरंभींचें सचित्र पान माझ्या हातीं आलें. त्यावर हंसारूढ सरस्वती रेखाटलेली होती. वस्त्र शुभ्र, हंसही शुभ्र. रंगाचीं पुटें सुटूं लागलीं होतीं आणि स्पर्श करतांच बोटास पांढरी पूड लागे. चित्र टिकावें या सद्‌हेतूनें मीं बाजारांतून स्वच्छ व्हार्निश आणून त्याचा एक पातळ हात पानावर फिरविला. तांबडा व पिवळा हे रंग तजेलदार झाले खरे. परंतु सरस्वतीचें वस्त्र आणि तिचा हंस, दोन्ही नाहींसे झाले. जेथें पांढरें होतें तेथें एक मळकट, तेलकट छटा राहिली, आणि तिच्यांतून खालचा कागद व चित्रकारानें आधीं काढलेल्या कच्च्या रेघा दिसूं लागल्या. पूड जागच्या जागींच होती. गेला होता तो तिचा पांढरेपणा. पुढें मीं जाणत्यांस विचारलें. त्यांनीं सांगितलें कीं, अशा सच्छिद्र लेपांत मुरलेलें व्हार्निश कागदास व रंगास धक्का न लावतां पूर्णपणें काढून घेणें जवळजवळ अशक्य असतें. तें पान आजही तसेंच आहे.

या प्रकाराचा उलगडा मला वास्तविक शाळेंतच व्हावयास हवा होता. अडतीस वर्षें मीं फळ्यावर लिहिलें. फळा ओला असतां त्यावर लिहिलेलें अक्षर प्रथम दिसत नाहीं. फळा सुकत जातो तसतसें तें उमटूं लागतें, आणि पूर्ण सुकल्यावर लखलखीत दिसतें. हें प्रत्येक मुलास ठाऊक असतें. अक्षर तेंच, पूड तीच. मध्यंतरीं पाणी उडून जाऊन त्याच्या जागीं हवा आली, एवढाच काय तो फरक. (फळ्यावरचा खडू पुष्कळदां खडू नसून जिप्सम असतो, हें येथें जातां जातां नमूद करतों. नांव एक आणि वस्तु दुसरी, असा घोटाळा या विषयांत पदोपदीं आढळतो.)

खडूचे, शंखाचे किंवा चिनी मातीचे कण सुटे घेऊन पाहिले तर ते पारदर्शक अगर अर्धपारदर्शक असतात. कांच कुटली असतां तिची पूड पांढरी दिसते, त्यांतलाच हा प्रकार. प्रकाश एका पदार्थांतून दुसऱ्यांत शिरतांना वळतो व त्याचा कांहीं अंश परत फिरतो. दोन पदार्थांच्या वक्रीभवनांकांत जितकें अंतर अधिक, तितका परतणारा प्रकाश अधिक. हवेचा अंक १, पाण्याचा १.३३, अळशीच्या तेलाचा सुमारें १.४८, लाखेचा सुमारें १.५२, चिनी मातीचा सुमारें १.५६ आणि खडूचा सुमारें १.६. हवा व खडू यांत अंतर मोठें. म्हणून कोरडा खडू पांढरा. तेल व खडू यांत अंतर अल्प. म्हणून तेलांत बुडालेला खडू निस्तेज. याउलट शिशापासून केलेल्या सफेद्याचा अंक सुमारें २ आणि टायटॅनियमच्या पांढऱ्याचा २.५ ते २.७ असल्यामुळें हे दोन्ही तेलांतही पांढरे राहतात.

याची साक्ष प्रत्येक सुताराच्या घरीं मिळते. खडूची पूड व अळशीचें तेल मळून तो जी लांबी करतो, ती पिवळट करड्या कणकेसारखी दिसते. तीच पूड सरसाच्या पाण्यांत कालवून भिंतीस दिली तर भिंत स्वच्छ पांढरी होते. डिंक किंवा सरस बेताचा असला कीं कणांच्या मध्यें हवेच्या बारीक पोकळ्या राहतात, आणि पांढरेपणा या पोकळ्यांचाच असतो. डिंक फाजील झाला तर पोकळ्या भरून जाऊन पांढरा मंद पडतो. अगदीं कमी झाला तर पूड बोटास लागते. जुना चित्रकार हें प्रमाण हातानें जाणत होता. माझ्या हातून ज्या दिवशीं पोकळ्या व्हार्निशानें भरल्या, त्या दिवशीं त्याची विद्या पुसली गेली.

यावरून अशा चूर्णांचें खरें काम काय तें ध्यानांत येईल. आजचे रंग करणारे त्यांस पूरक द्रव्य समजतात. रंगास अंग आणणें, पृष्ठभागांतील खळगे भरणें, वरच्या थरास धरून ठेवील असा किंचित् खरखरीतपणा देणें, चकाकी कमी करणें आणि महाग रंगाची बचत करणें, हीं त्यांचीं कामें. खडू व चिनी माती वजनानें हलक्या, पाण्याच्या सुमारें पावणेतीन पट. बराइट साडेचार पट. संगजिरें अतिशय मऊ व पापुद्र्यांचें. खडू किंचित् क्षारधर्मी असल्यामुळें कागदांतील आम्लता मारतो, हा पोथ्यांच्या दृष्टीनें त्याचा मोठा गुण होय. चिनी मातीस अम्ल व क्षार यांची बाधा सहसा होत नाहीं.

हें ज्ञान आपल्याकडे नवें नाहीं. संस्कृतांत चुनखडीच्या लेपास ‘सुधा’ म्हणतात, आणि सुधेनें माखलेलें तें ‘सौध’ अशी राजवाड्याच्या नांवाची व्युत्पत्ति आहे. खडूस ‘खटिका’ हें नांव असून आपला ‘खडू’ त्याच कुळांतला. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लासा’ची रचना इ. स. ११३० च्या सुमाराची. हा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९२५ पासून छापला जाऊं लागला. त्यांतील चित्रविषयक प्रकरणांत म्हशीच्या कातड्यापासून काढलेल्या ‘वज्रलेप’ नांवाच्या सरसांत पांढरी माती कालवून भिंतीस लेप द्यावा असें सांगितलें आहे, आणि शुद्ध रंगांत पांढऱ्यासाठीं शंख सांगितला आहे. तळासाठीं माती, वरच्या रंगासाठीं शंख, असा विवेक त्या काळींही होता, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

कोंकणांत हीं द्रव्यें घरचींच. खाड्यांच्या कांठीं शिंपल्या भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे. जांभ्याच्या थराखालीं पुष्कळ ठिकाणीं पांढरट मऊ माती लागते, ती विहीर खणणारांच्या परिचयाची आहे. दगड कुजून झालेली ही माती चिनी मातीच्याच वर्गांतली.

या द्रव्यांचा आपल्या भागांतील उत्तम उपयोग पाहावयाचा तर सावंतवाडीच्या गंजिफा पाहाव्या. सावंतवाडी संस्थान १९४८ सालीं विलीन होऊन रत्नागिरी जिल्ह्यांत आलें, आणि १ मे १९८१ पासून तो भाग सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. दशावतारी गंजिफांचीं पानें १२०, दहा अवतारांचे दहा रंग व प्रत्येकीं बारा पानें. मोगली प्रकारांत आठ रंग व ९६ पानें. वाटोळ्या पानास चिंचोक्याच्या खळीनें ताठपणा आणावयाचा, त्यावर खडूचा लेप द्यावयाचा, तो घोटून गुळगुळीत करावयाचा, मग रंगकाम व शेवटीं लाखेचा हात, असा हा क्रम. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ही कला जवळजवळ लोपली असतां शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनीं ती राजवाड्यांत पुन्हां उभी केली.

येथें वाचक विचारतील कीं, लाखेनें गंजिफा बिघडत नाहीं, मग व्हार्निशानें पोथी कां बिघडावी? उत्तर असें कीं, गंजिफेंत खडू हा तळ आहे, वरचा रंग नव्हे. त्याचें काम खळगे भरण्याचें व घोटणी घेण्याचें; तो वरच्या रंगाखालीं झांकलेला असतो. शिवाय आपण वर लाख देणार हें कारागिरास आरंभापासून ठाऊक असतें, व त्या बेतानेंच तो रंग निवडतो. पोथीच्या चित्रकारानें वर कांहीं येणार नाहीं असें धरून रंग लाविला होता. दोन्ही ठिकाणीं पूड एकच असली तरी तिला नेमून दिलेलें काम निराळें आहे.

माझ्यासारखी चूक मोठमोठ्यांच्या हातूनही झाली आहे. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृति रॉबर्ट गिल यानें १८४४ नंतर, आणि मुंबईच्या कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यानें १८७२ पासून करविल्या. त्या काळीं रंग उठून दिसावे म्हणून मूळ चित्रांवर व्हार्निश दिलें गेलें. पुढें १९२० ते १९२२ या वर्षांत निजाम सरकारनें बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनीं सुटणारी पुटें चिकटविलीं, परंतु त्यांनींही लाखेचा उपयोग केला. हे लेप कालांतरानें पिवळे पडले व त्यांनीं धूळ धरली. ते काढण्यासाठीं पुराणवस्तु खात्यास दीर्घकाळ श्रम करावे लागले. अजिंठ्याचे रंग चिकट द्रव्यांत कालवून कोरड्या लेपावर दिलेले आहेत, आणि त्यांतील पांढऱ्यांत चुना, जिप्सम व चिनी माती यांचा समावेश आहे. अशा रंगांची कांति कोरडेपणाचीच असते. त्यांस तेलकट तेज देणें म्हणजे त्यांचें रूप पालटणें होय.

आतां पांढऱ्याची ओळख. जो पांढरा मंद, पिठासारखा, चकाकी नसलेला व बोटास लागणारा, तो बहुधा खडू, शंख किंवा माती यांपैकीं असतो. जो दाट असून जागोजाग करडा वा काळा पडला आहे, तो शिशाचा सफेदा असण्याचा संभव अधिक. हवेंतील गंधकयुक्त वायूनें तो काळवंडतो. गळून पडलेला कण कांचेवर घेऊन त्यावर सौम्य अम्लाचा थेंब टाकला असतां खडू व शंख फसफसतात, चिनी माती व जिप्सम फसफसत नाहींत. सफेदाही फसफसतो, म्हणून ही परीक्षा एकटी पुरेशी नव्हे. ती मूळ पानावर कधींही करूं नये, हें सांगणें नकोच.

पांढऱ्यावरून काळ ठरवितांना दोन पथ्यें पाळावीं. पहिलें, जस्ताचा पांढरा युरोपांत १८३४ च्या सुमारास पाण्याच्या रंगांत विक्रीस आला हें खरें. परंतु जस्त काढण्याची विद्या मेवाडांतील जावर येथें त्यापूर्वीं कित्येक शतकें होती. तेव्हां जस्त सांपडलें एवढ्यावरून चित्र अर्वाचीन ठरवूं नये. दुसरें, टायटॅनियमचा पांढरा १९१६ नंतर कारखान्यांत होऊं लागला. म्हणून पेशवाईंतील म्हणून दाखविलेल्या चित्रांत तो दाट सांपडला तर मागाहून हात फिरला असें समजावें. परंतु क्षकिरणांच्या यंत्रानें टायटॅनियमचा लेश दिसला म्हणजे तो रंग नवाच, असेंही नव्हे. चिनी मातींत हें द्रव्य निसर्गतःच अल्प प्रमाणांत असतें, आणि आपल्या किनाऱ्यावर तर तें विपुल आहे. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या बाजूस दिसणारी काळी वाळू इल्मेनाइटची, म्हणजे टायटॅनियमच्या खनिजाची आहे. इतक्या शुभ्र रंगाचें बीज काळ्या वाळूंत असावें, हें सृष्टीचें एक कौतुकच. लेश व राशि यांतील हा भेद न पाहिल्यास खरी जुनी वस्तु खोटी ठरण्याचें भय आहे.

संग्राहकांस माझी विनंति एवढीच कीं, टांचणांत पांढऱ्यास स्वतंत्र ओळ द्यावी : मंद कीं चकचकीत, सुटणारा कीं घट्ट, काळवंडलेला कीं नाहीं, तळाचा कीं वरचा. सुटणाऱ्या पांढऱ्यावर तेल, लाख, व्हार्निश अगर चिकट पारदर्शक पट्टी यांपैकीं कांहीं लावूं नये. ओलें फडकेंही लावूं नये. पान सपाट ठेवावें, त्यावर दुसरें पान घासूं देऊं नये, आणि पुट चिकटविणें अवश्यच असेल तर तें काम जतनशास्त्र जाणणाऱ्याकडे सोंपवावें. पूड बोटास लागते हें त्या रंगाचें दौर्बल्य असेल. परंतु ज्या पोकळ्यांमुळें ती सुटते त्याच पोकळ्यांमुळें ती शुभ्र दिसते. माझ्या पानावरील हंस आतां केवळ रेघांत उरला आहे. इतरांचे हंस शुभ्र राहावे, एवढ्यासाठीं हें लिहिलें.