शिट्टी वाजवण्याआधी

गेल्या आठवड्यात पुतणी घरी आली ती तणतणतच. बी.कॉम. झाली आहे, खो-खोत राज्य पातळीवर खेळली आहे. आता व्यायाम शिकवणं हाच व्यवसाय करायचा, असं तिच्या मनानं घेतलंय. पाठोपाठ माझा धाकटा भाऊ आला. ‘‘दादा, तूच सांग हिला. पदवीनंतर आणखी दोन वर्षं घालवायची आणि शेवटी काय, तर शिट्टी वाजवायची?’’

‘‘मग जिममध्ये लागते,’’ पुतणी म्हणाली. ‘‘काका, दोन दिवसांत सर्टिफिकेट मिळतं.’’

त्या ‘दोन दिवसां’नी मला चाळीसएक वर्षं मागे नेलं.

१९८४ साली मी गावच्या तालमीत पोरांना व्यायाम शिकवायचो. शिक्षण शून्य, कमावलेले दंड हेच भांडवल. एके दिवशी कॉलेजातला एक किडकिडीत मुलगा आला. पहिल्याच दिवशी मी त्याच्याकडून तीनशे बैठका काढून घेतल्या. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील दारात उभे. पोराला पाय उचलवत नव्हते आणि लघवी काळसर झाली होती. डॉक्टरांनी कारण सांगितलं. सवय नसताना अतिश्रम झाले की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतली द्रव्यं रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आठ दिवस सलाईन लावल्यावर मुलगा वाचला. वडील मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या वर्षी मी अमरावती गाठली. वैद्य बंधूंनी १९१४ साली उभं केलेलं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ज्याच्या पथकानं १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. तिथे पहाटे मैदान, दुपारी शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्र, शिवाय शाळेत जाऊन सराव पाठ. भार हळूहळू का वाढवायचा, हे तिथे कळलं आणि त्या मुलाच्या बाबतीत माझं काय चुकलं तेही.

म्हणून मी पुतणीसमोर कागद घेऊन बसलो. शाळेत शिकवायचं असेल तर बी.पी.एड. माझ्या वेळी ते एक वर्षाचं होतं. २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांचं झालं. प्रवेशासाठी राज्याची सीईटी आहे आणि त्यात लेखी परीक्षेबरोबर मैदानी चाचणीही आहे. महाविद्यालयाला राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेची मान्यता आहे ना, हे फी भरण्याआधी पाहायचं. एखाद्या खेळाचा प्रशिक्षक व्हायचं असेल तर वाट पतियाळाला जाते. तिथल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत १९६१ पासून प्रशिक्षक घडताहेत. योगाची आवड असेल तर स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापलेलं लोणावळ्याचं कैवल्यधाम जवळच आहे.

आणि जिम? तिथे डॉक्टर-वकिलांसारखी परवान्याची सक्ती नाही; म्हणून तर गल्लोगल्ली प्रमाणपत्रं विकली जातात. चांगल्या प्रमाणपत्राची पारख सोपी आहे. लेखी परीक्षेत नापास होण्याची शक्यता हवी, हृदय बंद पडल्यास करायच्या प्रथमोपचाराचं प्रशिक्षण हवं आणि ठरावीक वर्षांनी ते नव्यानं मिळवावं लागायला हवं. अमेरिकेतल्या नामांकित संस्था या तिन्ही गोष्टी मागतात. जे पैसे भरताच हातात पडतं, ते प्रमाणपत्र नव्हे, पावती.

भाऊ इतका वेळ गप्प होता. ‘‘पण नोकरीची खात्री?’’ त्यानं विचारलं.

खोटं कशाला बोलू? मी निवृत्त झालो तेव्हा माझी जागा भरलीच गेली नाही. पोरं मैदानावर आपली आपणच खेळतात. पुतणीला मी म्हटलं, ‘‘शाळेची नोकरी मिळेलच असं नाही. पण बी.पी.एड. केलंस तर शाळा, क्लब, जिम अशी कुठेही ताठ मानेनं उभी राहशील. शिकवताना समोरचं शरीर दुसऱ्याच्या लेकराचं असतं, एवढं मात्र विसरू नकोस.’’

ती काहीच बोलली नाही. चहा झाला. निघताना चपला घालता घालता भाऊ थांबला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, ‘‘दादा, त्या सीईटीचे फॉर्म कधी निघतात?’’