हाडे विरतात, रेघा राहतात

मालवण, देवगडच्या जांभ्या सड्यावर एखाद्या आदिम महाकाय प्राण्याचे हाड मिळणे जवळजवळ अशक्य आहे. इथली तांबडी माती आम्लधर्मी. त्यात दर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि मातीतला चुना धुऊन नेतो. हाड म्हणजे मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट, ते अशा मातीत फार काळ तग धरत नाही.

जमीन अनुकूल असली तर काय हाती लागते, ते ऑस्ट्रेलियात दिसते. डायप्रोटोडॉन हा आजच्या वॉम्बॅटचा महाकाय नातलग. वॉम्बॅट पंचवीस-तीस किलोंचा बिळात राहणारा प्राणी. डायप्रोटोडॉनचे वजन सुमारे २,७०० किलोंपर्यंत जाई. पोटाला पिशवी असलेल्या प्राण्यांत एवढा मोठा दुसरा कोणी माहीत नाही. वेलिंग्टनच्या गुहांतील हाडांवरून रिचर्ड ओवेन यांनी १८३८ मध्ये त्याला नाव दिले. दक्षिण ऑस्ट्रेलियातील कॅलाबोना या खाऱ्या तळ्यात तर १८९३ च्या सुमारास, चिखलात रुतून मेलेले कळपच्या कळप सापडले. २०१७ मध्ये गिल्बर्ट प्राइस आणि सहकाऱ्यांनी एका दातातील स्ट्रॉन्शियम तपासून दाखवले, की हा प्राणी ऋतूप्रमाणे वर्षाला सुमारे दोनशे किलोमीटरची ये-जा करीत असे. एका दातातून एवढे कळते. दातच उरला नाही, तर काय कळणार?

आपल्याकडे सह्याद्रीपलीकडची गोदावरी या बाबतीत उदार आहे. तिच्या काठच्या चुनखडीमिश्रित गाळाने हाडे जपली. नांदूर मध्यमेश्वरला, जिथे आपण आज पक्षी पाहायला जातो, तिथे पॅलिओलोक्सोडॉन नमाडिकस या नामशेष हत्तीचे अवशेष मिळाले. खांद्यापाशी चार मीटरहून उंच असलेला हा हत्ती आजच्या आशियाई हत्तीला सहज खुजा ठरवी.

अद्वैत जुकर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये भारतीय उपखंडाचा हिशेब मांडला. हा हत्ती, त्याचा दूरचा नातलग स्टेगोडॉन, एक पाणघोडा आणि एक रानघोडा असे मोजकेच मोठे प्राणी इथून नाहीसे झाले. ऑस्ट्रेलियात मात्र सारे महाकाय प्राणी संपले. भारतातील प्राण्यांना माणसाची सवय लाखो वर्षे जडली होती, म्हणून ते तगले, हे त्यांचे स्पष्टीकरण मला पटते.

या कथेत कोकणचे पान कोरे नाही. कोळोशीच्या गुहेत अश्मयुगीन दगडी हत्यारे मिळाली, म्हणजे माणूस इथे होता. त्याने काय पाहिले, ते सड्यावर कोरलेले आहे. राजापूर तालुक्यातील कशेळीचा हत्ती सुमारे अठरा मीटर लांब आहे, आणि रत्नागिरीच्या कातळांवर गेंडाही दिसतो. मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. कशेळीच्या हत्तीला पॅलिओलोक्सोडॉन म्हणण्याचा मोह मात्र टाळावा. रेघांवरून जात ठरत नाही. ती हाडांवरूनच ठरते. पण इथे हाडे टिकतच नाहीत, म्हणून या रेघांचे मोल अधिक.

त्या रेघांवरून ट्रॅक्टर जातात, रस्ते जातात, चिरेखाणी पुढे सरकतात. तुमच्या गावच्या सड्यावर खाण सुरू होणार असेल, तर आधी पावसाळ्यानंतरच्या तिरप्या उन्हात तो कातळ चालून पाहा. रेघ दिसली, तर तिचे छायाचित्र घेऊन ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला कळवा.