वर्धिनीचा अर्ज: अनुभव कसा लिहाल?

उमेद अभियानात गटातल्या अनुभवी महिला वर्धिनी म्हणून दुसऱ्या गावी जातात, तिथे नवे गट बांधतात. या कामासाठी अर्ज करताना 'गटाची १० वर्षे अध्यक्ष' एवढंच लिहू नका. त्यातून पद कळतं, काम कळत नाही.

आधी गटाच्या वह्या काढा. पंचसूत्री धरून लिहा: बैठका किती, बचत किती, अंतर्गत कर्ज किती दिलं, परतफेड किती झाली, हिशेब स्वतः लिहिता का. मोडायला आलेला गट सावरला असेल, तर कसा, तेही दोन ओळींत सांगा.

आकडा वहीतलाच द्या, फुगवू नका. मुलाखतीत त्यावरच विचारतील. शेवटी तुमच्या भरवशावर परगावच्या बाया आपली पहिली बचत गटात टाकणार आहेत.