चार महिने उभी राहिलेली मोटार

आषाढ लागला की आपल्यापैकी कित्येकांच्या घरची जुनी मोटार गॅरेजात शिरते आणि कार्तिकी पौर्णिमा उलटेपर्यंत तिच्याकडे कोणी फिरकत नाही. चातुर्मासात लांबचा प्रवास टाळण्याची काही घरांतील रीत, इंदूरचा पाऊस, आणि दुकानाच्या रोजच्या कामासाठी असलेली नवी गाडी, अशा तिन्ही कारणांनी ती एका जागी उभी असते. पुढे थंडी पडते, बावनगजाच्या यात्रेचा बेत ठरतो आणि घरातील वडीलधारे म्हणतात, "या खेपेस आपली फियाट काढा." सभासद बंधु-भगिनींनो, प्रस्तुत लेख त्या सकाळविषयी आहे.

आमच्या घरी अशी एक सकाळ फार थोडक्यात निभावली. काकांची 1966 सालची फियाट. बॅटरी आदल्या दिवशी भरून आणलेली होती. चौथ्या प्रयत्नास इंजिन सुरू झाले, मुलांनी टाळ्या पिटल्या, आणि पाच मिनिटांत फराळाचे डबे, सतरंजी व माणसे आत बसली सुद्धा. फाटकापाशी काकांनी ब्रेकवर पाय दिला, तो पाय थेट तळाशी टेकला. त्यांनी हातब्रेक ओढला म्हणून गाडी समोरच्या भिंतीला घासून थांबली. एका दिव्याची काच फुटली, यापलीकडे हानी झाली नाही. मागाहून पाहतो तो मागील डाव्या चाकातील ब्रेक-सिलिंडरचे रबर कडक होऊन त्यातून तेल ठिबकत गेलेले. त्याचा ओला डाग चाकाच्या आतल्या अंगास आणि खालच्या धुळीत स्पष्ट होता, पण वाकून पाहण्याचे कोणाच्या मनात आले नव्हते. बावनगजा बडवाणीजवळ. तेथे जाण्यास माळव्याचे पठार सोडून निमाडात उतरावे लागते. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचावर आहे आणि नर्मदेचे खोरे त्याखाली चारएकशे मीटर. आग्रा-मुंबई रस्त्याने जावे तर मानपूरपुढचा उतार आणि गणपती घाट, खंडव्याच्या वाटेने जावे तर भेरूघाट. फाटकाऐवजी तेथे तो पाय तळाशी टेकता, तर हा लेख लिहिण्यास मी कदाचित उरलो नसतो.

तेव्हापासून माझे मत असे बनले आहे की जुन्या गाडीची तयारी इंजिनापासून नव्हे, ब्रेकपासून करावी. आपण सारे उलट करतो. इंजिन सुरू होणे हीच परीक्षा मानतो, आणि ते सुरू झाले की उरलेली गाडी आपोआप उत्तीर्ण झाली असे धरून चालतो. वस्तुतः सुरू न होणारी गाडी निरुपद्रवी असते, ती घरीच राहते.

या गाड्यांशी आपला संबंध केवळ हौसेचा नाही. प्रीमियर ऑटोमोबाइल्स हा कारखाना 1944 साली स्थापन करणारे वालचंद हिराचंद सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट पुढे पद्मिनी या नावाने घरोघर गेली, आणि मुंबईच्या टॅक्सींतून ती 30 ऑक्टोबर 2023 पासून कायमची उतरली. उत्तरपाड्याच्या अँबॅसेडरचे उत्पादनही 2014 साली थांबले. याचा व्यावहारिक अर्थ असा की या गाड्या जाणणारे मिस्त्री वर्षागणिक कमी होत आहेत. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर यांच्या ड्यूसेनबर्गची गोष्ट निराळी. आपल्या फियाटच्या दिमतीला आपल्यावाचून दुसरे कोणी नाही.

तेव्हा किल्लीला हात लावण्यापूर्वी विजेरी घेऊन गाडीभोवती फिरावे व खाली वाकून पाहावे. थंडीत मांजर इंजिनाच्या आडोशाला निजते, पावसाळ्यात सापही शिरतो, आणि उंदराने तर बोनेटखाली घर केलेले असतेच. एका जिवाचा प्रश्न आहे म्हणून बोनेट उघडून, थोडा आवाज करून, कोणी आत असल्यास त्यास जाण्यास अवधी द्यावा. उंदराने कुरतडलेल्या तारा याच वेळी दिसतात. अशी उघडी पडलेली एक तार पेट्रोलच्या नळीजवळ असली, तर पुढचे सांगावयास नको. जमिनीवरील डागही ओळखावेत. काळा व चिकट डाग इंजिन तेलाचा, पाणी वा रंगीत पाणी रेडिएटरचे, आणि चाकाच्या आतल्या बाजूस पातळ, निसरडा ओलावा दिसला तर तो बहुधा ब्रेक तेलाचा. हा तिसरा डाग दिसला की त्या दिवसाचा प्रवास रद्द समजावा.

ब्रेकविषयी थोडे विस्ताराने लिहितो. 1960 च्या दशकातील आपल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांचे ब्रेक एकाच मुख्य सिलिंडरवर व एकाच तेलमार्गावर चालतात. आजच्या गाडीत दोन स्वतंत्र मार्ग असतात, एक फुटला तरी दुसरा अर्धेमुर्धे काम करतो. जुन्या गाडीत कोठेही एक रबर फाटले की चारही ब्रेक एकदम जातात. हातब्रेक मात्र तेलावर नव्हे, तारेवर चालतो. काकांना वाचविले ते त्या तारेने. म्हणून तो केवळ गाडी उभी करण्याचा खटका न समजता सुस्थितीत राखावा.

दुसरी गोष्ट, हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. बाटलीवर डॉट 3 असे लिहिलेले नवे तेल किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये, असे प्रमाण आहे. ओलावा धरलेल्या तेलासाठी तेच प्रमाण 140 अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबल्याने चाकातील सिलिंडर तापतात, तेलातील पाणी उकळून त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्यामुळे पायाखालचा ब्रेक नुसता मऊ होऊन खाली जातो. सपाट रस्त्यावर उत्तम वाटलेले ब्रेक घाटाच्या मध्यावर असे नाहीसे होतात. यास्तव दर दोन वर्षांनी हे तेल पूर्ण बदलावे, मग गाडी चालली असो वा नसो. आणि डबी रिकामी दिसली म्हणून तीत इंजिन तेल ओतू नये. त्याने आतील सारी रबरे फुगून निकामी होतात.

परीक्षा सोपी आहे. गाडी उभी असताना ब्रेक जोराने दाबून तीस अंक मोजावेत. पाय हळूहळू खाली सरकू लागला तर तेल बाहेर गळत आहे किंवा मुख्य सिलिंडरचे रबर झिजले आहे. दोन-तीन वेळा दाबल्यावरच पाय वर येत असेल तर आत हवा आहे किंवा ब्रेक जुळविण्यास झाले आहेत. दोन्ही परिस्थितींत मिस्त्रीस बोलवावे. दाबलेला पाय कडक व अचल राहिला तरच पुढे जावे. ओलाव्याने ब्रेकचे जोडे ड्रमला चिकटून बसण्याचाही संभव असतो. त्यासाठी गाडी महिनोन्‌महिने उभी करताना हातब्रेक ओढून न ठेवता चाकांना लाकडी ठोकळे लावून ती गिअरमध्ये ठेवावी, आणि काढताना ती गिअरमध्ये आहे हे विसरू नये.

टायरविषयी एवढेच की नक्षी पाहून फसू नये. कमी चाललेल्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबर मेलेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. 1214 म्हणजे 2014 सालचा बारावा आठवडा. दहा वर्षे उलटलेल्या किंवा भेगा पडलेल्या टायरवर घरची माणसे बसवू नयेत. स्टेपनीही त्याच नजरेने पाहावी.

पेट्रोलची अडचण नवी आहे आणि आपल्या वडिलांस ती ठाऊक नव्हती. 2025 पर्यंत देशभरातील पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास झाले. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळाभर अर्ध्या टाकीत राहिलेल्या मिश्रणात ओलावा वाढला की पाणी व इथेनॉल मिळून तळाशी वेगळे बसते, टाकी गंजते आणि तो गंज कार्बुरेटरच्या बारीक छिद्रांत जातो. शिवाय जुन्या नळ्यांचे व पंपातील पडद्याचे रबर या मिश्रणासाठी बनविलेले नाही, ते मऊ पडते, चिरते व पाझरते. म्हणून नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्यात, आणि चार महिन्यांचे पेट्रोल आंबूस वा वार्निशासारखे वास मारू लागले असल्यास ते मिस्त्रीकडून काढवून घ्यावे. गटारात ओतू नये.

बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, तो ठिणगीने पेट घेतो. बॅटरी गाडीत जोडताना धन व ऋण टोके नीट पाहावीत. इंग्रजी बांधणीच्या अनेक जुन्या गाड्यांत ऋणाऐवजी धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आमच्या शेजारी दसऱ्याला मोटारीची पूजा होते. हळदकुंकू, हार, नारळ सारे योग्यच, पण बोनेट उघडे असताना निरांजन इंजिनाजवळ नेऊ नये, एवढी विनंती मी दरवर्षी करतो व दरवर्षी थोडा अप्रिय होतो.

इंजिन तेल दांडीवर पाहावे. ते ताकासारखे पांढरट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, इंजिन फिरवू नये. रेडिएटर थंड असतानाच त्याचे झाकण काढून पाणी पाहावे. गाडी वर्षभर वा अधिक उभी असेल तर प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडावे आणि इंजिन हाताने दोन-चार फेरे फिरवावे. हँडल मारताना अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवावा, मुठीत धरू नये, आणि हँडल खालून वर ओढावे. उलटा झटका बसला तर मनगट मोडते. 1912 सालच्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर आला त्यामागे या हँडलाची दहशतही होतीच.

आता सुरुवात. गाडी शक्य तर ढकलून अंगणात आणावी, निदान गॅरेजचे दार सताड उघडावे. जुन्या गाडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड विपुल असतो. त्यास रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. डोके जड झाले म्हणून माणूस बसतो, आणि बसलेला उठत नाही. थंडीच्या सकाळी दार लोटून इंजिन तापत ठेवण्याची सवय ज्या घरात असेल, तेथे ती आजच मोडावी.

गिअर न्यूट्रल, हातब्रेक ओढलेला, चोक पूर्ण बाहेर. कॉइलची मधली तार काढून प्रथम स्टार्टर थोडा फिरवावा, म्हणजे वाळलेल्या बेअरिंगांना तेल पोहोचते. मग तार जोडून सुरू करावे. स्टार्टर एका वेळी पाच-दहा सेकंदांहून अधिक दाबू नये, मध्ये अर्धा मिनिट थांबावे. पेट्रोलचा वास आला तर इंजिन भिजले आहे. चोक आत ढकलून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून फिरवावे, पुनःपुन्हा पंप करू नये. आणि कार्बुरेटरच्या तोंडात बाटलीने पेट्रोल ओतून गाडी सुरू करण्याची जी युक्ती पुष्कळांना हुशारीची वाटते, ती कटाक्षाने टाळावी. इंजिनाने उलट भडका घेतला की बाटली हातातच पेटते.

सुरू होताच तेलाच्या दाबाचा दिवा काही क्षणांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावे, "थोडे चालू दे, विझेल" असे म्हणू नये. चोक हळूहळू आत घ्यावा. इंजिन तापेपर्यंत आपण खाली उतरून नळ्यांकडे पाहावे. थंड असताना न पाझरणारी नळी आता पाझरू शकते. दिवे, भोंगा, वायपर याच वेळी पाहून घ्यावेत.

कागदपत्रांकडेही एक दृष्टी असावी. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नवी करून घ्यावी लागते. 2021 सालच्या नियमांनी पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीस व्हिंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते, परंतु अशी नोंदणी घेतल्यास ती गाडी नित्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती अशा कारणांपुरतीच आणता येते. यात्रेला जाणाऱ्यांनी हा फरक ध्यानी घ्यावा. विमा चालू आहे ना, हेही पाहावे.

पहिली फेरी एकट्याने, रिकाम्या रस्त्यावर व पायी चालण्याच्या वेगाने. ब्रेक दाबून पाहावा, हात सैल सोडून गाडी एका अंगास ओढते का ते पाहावे, मग वेग थोडा वाढवून पुन्हा. दहा-बारा किलोमीटरांनंतर थांबून प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ तळहात न्यावा. एकच चाक इतरांहून फार गरम लागले तर तेथला ब्रेक अडकून घासत आहे. यात्रा त्यानंतर निदान एका दिवसाने. परत आल्यावर गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे अंथरून ठेवावीत. आमच्या घरी आता काकू पहाटे पाणी भरण्यापूर्वी ती वर्तमानपत्रे पाहतात, आणि त्यांनी "कोरडे आहे" म्हटल्याखेरीज कोणी डबे भरत नाही.