मूकपटातले गाणे कोण गाते?

गाण्यांवर उभे असलेले नाटक घ्यायचे आणि त्याचा मूकपट काढायचा, हा उद्योग आज विसंगत वाटतो. पण हॉलिवूडने तो केला. ‘आयरिन’ ही विनोदी संगीतिका १९१९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रॉडवेवर आली. तिचे ६७५ प्रयोग झाले आणि तिच्यातले ‘अ‍ॅलिस ब्लू गाऊन’ हे गाणे अफाट लोकप्रिय झाले. १९२६ मध्ये कॉलीन मूर या अभिनेत्रीला घेऊन तिचा मूकपट निघाला. गाणी गेली, तर मग उरले काय? माझ्या मते गाणी गेलीच नव्हती. ती गाण्याचे निम्मे काम प्रेक्षकाच्या मेंदूवर सोपवले गेले होते.

या म्हणण्याला प्रयोगाचा आधार आहे. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात अमेरिकी संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना लोकांना गाणी ऐकवली गेली आणि मधेच काही सेकंद आवाज बंद केला गेला. गाणे ओळखीचे असेल, तर त्या शांततेतही मेंदूतला ऐकण्याशी निगडित भाग अनोळखी गाण्याच्या तुलनेत अधिक सक्रिय राहिला. मनात गा, असे कोणी सांगितलेले नसतानाही चाल आतल्या आत पुढे सरकत राहिली.

काही सेकंदांची शांतता आणि अख्खा चित्रपट यांची तुलना कशी करायची, ही शंका रास्त आहे. परंतु मूकपटाचे चित्रपटगृह मुके नसे. तिथे पियानो किंवा वाद्यवृंद वाजे. मग श्रेय वादकांचे नाही का? सुरांचे श्रेय नक्कीच त्यांचे. पण वाद्यावर चाल वाजली, तरी तिचे शब्द आणि गायिकेचा आवाज ऐकणाऱ्याच्या स्मृतीतूनच यावे लागत. गाणे ज्याने कधी ऐकलेच नव्हते, त्याचा मेंदू ही भर घालू शकत नव्हता. त्याच्यासाठी दिग्दर्शकाने डोळ्यांची सोय केली: फॅशन शोचा प्रसंग टेक्निकलरमध्ये रंगीत आला. तेव्हाची ही पद्धत लोलकाने प्रकाश विभागून केवळ तांबडा आणि हिरवा असे दोनच भाग टिपत असे. निळ्याची स्वतंत्र नोंदच नसल्याने अस्सल निळा रंग तिला साधत नसे. म्हणजे गाण्याच्या नावातली निळाईसुद्धा प्रेक्षकालाच मनाने भरावी लागणार होती.

म्हणून मूकपटाला अपुरी कला ठरवणे चूक आहे. संगीतिकेवरून केलेला मूकपट पाहण्याची संधी मिळाली, तर आधी तिची गाणी ऐका आणि मगच पडद्यासमोर बसा.