सैल सोडण्याची कला
नागपुरातले मेडिकल रुग्णालय असो की मेयो, वॉर्डात पहिल्यांदा शीर शोधताना नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा हात थरथरला, म्हणजे अभ्यास कच्चाच असे नाही. भीतीने स्नायू ताठरलेले असतात. अमेरिकी डॉक्टर एडमंड जेकबसन यांनी १९२९ च्या ग्रंथात यावरच उपाय मांडला: मूठ काही क्षण घट्ट आवळा, मग सैल सोडा; पुढे खांदे, जबडा, पाय. नर्सिंग विद्यार्थ्यांवरच्या अनेक अभ्यासांत याने चिंता घटलेली दिसली. रामनगरातल्या जनार्दनस्वामी योगाभ्यासी मंडळाच्या नागपुरात शवासन ठाऊक असलेल्यांना हे तत्त्व परके नाही. ‘ड्यूटीचा बोजा तसाच राहतो, मग उपयोग काय?’ हा आक्षेप रास्त आहे. तो बोजा महाविद्यालयानेच हलका करावा. शिथिलीकरण त्याला पर्याय नव्हे, तोवरचा आधार आहे. मात्र सराव रोजचा हवा. झोप-जेवणच उडाले, तर समुपदेशकाला गाठा.